पावसाळ्यापूर्वी मोटारीच्या वायपरचे ब्लेड बदलताना: काचेच्या तपासणीपासून बसवण्यापर्यंत

मे महिन्याच्या अखेरीस वळवाची पहिली सर येते, आठ महिने विसरलेला वायपर सुरू केला जातो आणि काच स्वच्छ होण्याऐवजी तिच्यावर धूळ व पाण्याचा रेंदा पसरतो. रात्रीची वेळ असेल तर समोरून येणाऱ्या वाहनांचे दिवे त्या रेंद्यात फुटतात आणि काही क्षण रस्त्याची कडाच दिसेनाशी होते. दुसऱ्या दिवशी सुट्या भागांच्या दुकानात गर्दी होते, दुकानदार ‘गाडी कोणती?’ एवढेच विचारतो आणि एक पाकीट पुढे करतो. बहुतेक वेळा ते पाकीट योग्य निघते, पण जेव्हा निघत नाही तेव्हा ते भर पावसात, घाटात कळते. म्हणून ब्लेडची निवड दुकानात न करता आधी स्वतःच्या गाडीजवळ उभे राहून, टेप हातात घेऊन करावी, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी अर्धा तास पुरतो.

वायपर ही हौसेची गोष्ट नाही, हेही येथेच नोंदवतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ नुसार पुढची काच असलेल्या वाहनाला कार्यक्षम वायपर असणे बंधनकारक आहे, आणि ‘कार्यक्षम’ या शब्दात फाटके रबर बसत नाही.

दोष खरोखर ब्लेडचाच आहे का?

नवे ब्लेड बसवूनही काच धूसरच राहते, अशी तक्रार अनेक जण करतात आणि दोष कंपनीला देतात. प्रत्यक्षात काच मळकट असते, किंवा दांड्याची, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या व गाडीला कायम जोडलेल्या लोखंडी भागाची, स्प्रिंग सैल झालेली असते. त्यामुळे पैसे खर्च करण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. पुढची काच साध्या पाण्याने धुवावी, मग भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाकलेल्या पाण्याने पुन्हा धुवावी आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळाळून घ्यावी. ओल्या फडक्याने रबराची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसावी. फडके काळे होणे थांबेपर्यंत हे करत राहावे. त्यानंतर काचेवर पाणी सोडून वायपर सुरू करावा आणि काचेवर काय उरते ते लक्षपूर्वक पाहावे, कारण काचेवरचे डाग नेमका आजार सांगतात.

बारीक, केसासारख्या रेघा राहत असतील तर रबराच्या कडेला चीर गेली आहे किंवा तिच्यात वाळूचा कण अडकला आहे. प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी रुंद पट्टा कोरा सुटत असेल तर तेथे रबर काचेला टेकतच नाही. ब्लेडचा सांगाडा वाकलेला असेल, ब्लेडचा बाक काचेच्या बाकाशी जुळत नसेल, किंवा दांड्याचा दाब कमी पडत असेल. वायपर एका दिशेने जाताना गुळगुळीत जातो आणि परतताना थरथरतो किंवा टकटक उड्या मारतो, तेव्हा रबर एका बाजूला कलून तसेच कडक झालेले असते, अथवा दांडा किंचित पिळलेला असतो. आणि वायपर फिरून गेल्यावर मागे धुक्यासारखा पातळ थर राहून तो क्षणभराने विरत असेल, तर तो दोष ब्लेडचा क्वचितच असतो. तो काचेवरच्या तेलकट थराचा असतो.

या तेलकट थराबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक फसगत येथेच होते. डिझेलच्या धुरातील काजळी, ओल्या डांबरी रस्त्यावरून उडणारे तेलाचे कण आणि मेण मिसळलेला कार-शाम्पू हे सगळे काचेवर महिनोन्महिने साचत राहते. हा थर डोळ्यांना दिसत नाही. तो ओळखण्यासाठी धुतलेल्या काचेवर वरून हळूहळू पाणी ओतावे. काच खरोखर स्वच्छ असेल तर पाण्याचा एकसंध पडदा खाली उतरतो. तेलकट असेल तर पाणी फाटते आणि त्याचे तुकडे-तुकडे होतात. मुद्दाम पाणी निथळवणारे लेपन केलेल्या काचेला मात्र ही चाचणी लागू होत नाही. थर आढळल्यास सेरियम ऑक्साइड असलेले काचेचे पॉलिश ओलसर कापडावर घेऊन काच हाताने घासावी. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने गाडी धुतली जात असेल तर काचेवर क्षारांचे पांढरे ठिपके पडतात. त्यांवर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके काही मिनिटे ठेवून मग पुसावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. ताजे ठिपके एवढ्याने निघतात, जुने मुरलेले मात्र पॉलिशनेच जातात.

एवढे करूनही रेघा किंवा थरथर कायम राहिली, तर रबर हातात धरून पाहावे. नव्या रबराची कड धारदार चौकोनी असते आणि बोटाने कलवली की लगेच परत सरळ होते. जुन्या रबराची कड गोलावलेली, चकचकीत किंवा दंतुर दिसते आणि कलवली तर कललेलीच राहते. वायपर चालतो तो या लवचीकपणावर. रबराचा खालचा ओठ प्रवासाच्या उलट दिशेला किंचित कलून पाणी ओढत जातो आणि प्रत्येक फेरीच्या टोकाला उलटून दुसऱ्या बाजूला कलतो. हे उलटणे रबराच्या अरुंद मानेवर अवलंबून असते. ती मान कडक झाली की ओठ उलटत नाही आणि पुढे ढकलला जाऊन उड्या मारू लागतो.

आपल्याकडे रबर मरते ते पावसाने कमी आणि उन्हाने अधिक. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन त्याला कडक करतात, आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत वायपर एकाच जागी, एकाच बाजूला कलून पडून राहतो. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीची काच त्याहूनही तापलेली असते. म्हणून गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा रबराने किती उन्हाळे सोसले हे पाहावे. ब्लेड साधारणपणे सहा महिने ते वर्षभर टिकते असे धरले जाते. महाराष्ट्रातल्या गाडीसाठी ते वर्षातून एकदा, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बदलणे सर्वांत सोयीचे. जानेवारीत सवलत दिसली म्हणून नवे ब्लेड घेऊन बसवले तर त्याचे पहिले काम उन्हाळा सोसण्याचे असते आणि पावसाळा सुरू होईपर्यंत त्याचा ताजेपणा संपलेला असतो.

लांबी मोजणे

ब्लेडची लांबी इंचांत सांगितली जाते, पाकिटावर सोबत मिलिमीटरही असतात: १४ इंच म्हणजे सुमारे ३५० मिमी, १६ म्हणजे ४००, १८ म्हणजे ४५०, २० म्हणजे ५००, २२ म्हणजे ५५०, २४ म्हणजे ६०० आणि २६ म्हणजे ६५० मिमी. लांबी मोजताना रबराचे एक टोक ते दुसरे टोक असे सरळ अंतर घ्यावे. दोन्ही ब्लेड स्वतंत्र मोजावीत, कारण ती बहुधा सारखी नसतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने उजवे ब्लेड सामान्यतः लांब आणि डावे आखूड असते. गॅरेजमध्ये यांनाच ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ म्हणतात. काही गाड्यांत हा फरक सहा-आठ इंचांपर्यंत असतो. टाटा नॅनोला तर एकच वायपर होता, त्यामुळे सगळ्या गाड्यांना एकच हिशेब लावता येत नाही.

गाडी जुनी घेतलेली असेल तर बसवलेल्या ब्लेडच्या मापावर विसंबू नये, कारण आधीच्या मालकाने हाताला लागेल ते बसवलेले असू शकते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील माप पाहावे आणि ते नसल्यास अधिकृत सेवा केंद्रात गाडीचे मॉडेल, व्हेरियंट व उत्पादनाचे वर्ष सांगून विचारावे. एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांत काचेचा आकार बदलतो आणि त्याबरोबर ब्लेडचे मापही बदलते, म्हणून नुसते नाव सांगणे पुरेसे नाही.

‘थोडे लांब घेतले तर जास्त काच पुसली जाईल’ हा विचार मी एकदा केला होता. २० इंचांच्या जागी २२ इंचांचे ब्लेड दुकानदाराने आग्रहाने दिले आणि मी ते घेतले. कोरड्या काचेवर, मंद गतीने ते व्यवस्थित फिरले. जुलैत आंबोलीचा घाट उतरताना, जेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वायपर वेगाने चालवावा लागला आणि दोन्ही ब्लेड परतीच्या वाटेवर एकमेकांत अडकून काचेच्या मध्यावर थांबली. धोक्याचे दिवे लावून, कडेला थांबून, भिजत ती सोडवावी लागली. तेव्हापासून मी मापापेक्षा लांब ब्लेड घेत नाही. लांब ब्लेडमुळे मोटरवर जास्त भार येतो आणि दांड्याचा तेवढाच दाब अधिक लांबीवर वाटला गेल्याने पुसणेही कच्चे होते. अडचणीच्या वेळी डाव्या बाजूला एक इंच आखूड ब्लेड चालवून घेता येईल, लांब मात्र कधीच नको.

जोड ओळखणे

ब्लेड दांड्याला कसे जोडले आहे, हे लांबीइतकेच महत्त्वाचे आहे. दांड्याला गॅरेजमध्ये ‘आर्म’ म्हणतात. भारतातील असंख्य गाड्यांत दांड्याचे टोक इंग्रजी यू अक्षरासारखे वळलेले असते. त्याला यू-हुक म्हणतात आणि त्यासाठी ब्लेड सर्वांत सहज मिळते. काही गाड्यांत दांडा सरळ संपतो आणि ब्लेड बटण दाबून सुटते, काहींत दोन्ही बाजूंच्या चिमट्या दाबाव्या लागतात, तर काहींत बाजूने आडवी पिन असते. नाव आठवत नसले तरी हरकत नाही. ब्लेड किंचित उचलून जोडाची वरून, बाजूने आणि खालून अशी तीन छायाचित्रे मोबाइलवर काढावीत आणि दुकानात दाखवावीत. अनेक पाकिटांत वेगवेगळ्या जोडांसाठी प्लॅस्टिकच्या तीन-चार क्लिपा असतात. आपल्या गाडीची क्लिप त्यांत आहे याची खात्री पैसे देण्यापूर्वी करावी.

मागच्या काचेच्या वायपरचा जोड बहुधा त्या-त्या मॉडेलपुरता वेगळा असतो. त्यासाठी सर्वसाधारण ब्लेड शोधत बसण्यापेक्षा गाडीच्या कंपनीचा मूळ भाग घ्यावा.

कोणत्या प्रकारचे ब्लेड?

पारंपरिक ब्लेडला पत्र्याचा सांगाडा असतो. त्याच्या लहान-लहान कमानी रबराला अनेक ठिकाणी धरून काचेवर दाबतात. ते स्वस्त असते, कोठेही मिळते, तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही ते हाताळू शकतो आणि त्यातले रबर वेगळे बदलता येते. त्याची दुखरी जागा म्हणजे सांधे. कोकणातली तांबडी माती किंवा किनाऱ्यावरची खारी हवा त्या सांध्यांत बसली की ते गंजतात, कमानी मोकळ्या हलत नाहीत आणि काचेवर पट्टे सुटू लागतात.

‘फ्लॅट’ नावाने मिळणाऱ्या सपाट ब्लेडला सांगाडा नसतो. रबरात बाकदार पोलादी पट्टी असते आणि तीच संपूर्ण लांबीवर दाब वाटते. सांधे नसल्याने गंजण्याजोगे काही उघडे राहत नाही, आणि द्रुतगती मार्गावरच्या वेगात वाऱ्याने ते कमी उचलले जाते. मात्र पट्टीचा बाक काचेच्या बाकाशी जुळला तरच हे गुण उपयोगी पडतात. ‘सर्व गाड्यांना चालते’ असे लिहिलेले स्वस्त सपाट ब्लेड बाकदार काचेवर बसवले की टोके अधांतरी राहतात. याची परीक्षा सोपी आहे: ब्लेड दांड्याला न लावता, न दाबता, हलकेच काचेवर ठेवावे. दोन्ही टोके आधी टेकली आणि मध्यभाग किंचित वर राहिला तर बाक योग्य आहे, कारण दांड्याचा दाब मध्यभाग खाली नेईल. मध्यभाग आधी टेकला आणि टोके वर राहिली तर ते ब्लेड परत करावे. तिसरा प्रकार हायब्रिड. त्यात आत कमानींचा सांगाडा असतो आणि वर वारा कापणारे प्लॅस्टिकचे आवरण.

माझा कल असा आहे की गाडीला कारखान्यातून ज्या प्रकारचे ब्लेड आले तोच प्रकार ठेवावा. सांगाड्याकडून सपाट प्रकाराकडे जायचे असल्यास वरची परीक्षा केल्याशिवाय जाऊ नये.

रबराच्या बाबतीत नैसर्गिक व कृत्रिम रबर यांचे मिश्रण सर्वत्र मिळते. त्यावर ग्रॅफाइटचा लेप असेल तर ते काचेवर आवाज न करता सरकते. सिलिकॉनचे ब्लेड महाग असते, पण ऊन अधिक सोसते आणि काचेवर सोडलेल्या पातळ थरामुळे पाण्याचे थेंब होऊन निथळू लागतात. तेलकट काचेवर मात्र तेच ब्लेड थरथरते. गाडी दिवसभर उघड्या उन्हात उभी राहत असेल तर सिलिकॉनवर खर्च करणे योग्य ठरते. सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी चांगल्या प्रतीचे साधे रबर दरवर्षी बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

फक्त रबर बदलण्याचा मार्ग

सांगाडा सरळ, घट्ट आणि गंजविरहित असेल तर संपूर्ण ब्लेड फेकण्याची गरज नाही. फक्त रबराची पट्टी, म्हणजे ‘रिफिल’, बदलता येते. ती साधारणपणे ६ किंवा ८ मिलिमीटर रुंदीची मिळते, म्हणून जुनी पट्टी काढून सोबत न्यावी. जुन्या रबराच्या दोन्ही खाचांत दोन बारीक पोलादी पट्ट्या असतात. त्या नव्या रिफिलसोबत मिळतातच असे नाही, म्हणून जपून ठेवाव्यात. त्यांचा बाक आणि खाचा कोणत्या दिशेला आहेत हे पाहून त्याच दिशेने नव्या रबरात सरकवाव्यात, कारण त्या उलट्या बसल्या तर रबर धड दाबले जात नाही. रबर लांब असल्यास कात्रीने सरळ कापावे आणि शेवटची कमान पट्टीला घट्ट धरते आहे हे पाहावे, अन्यथा वायपर चालू असताना रबर सरकून बाहेर येते आणि उघडा पत्रा काचेवर ओरखडा पाडतो.

दुकानात

पाकिटावर कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले असते. बहुतेक जण किंमत पाहतात. तारीख मात्र त्याहून महत्त्वाची आहे, कारण रबर दुकानाच्या फळीवरही म्हातारे होते. दोन वर्षांपूर्वीचा माल अर्ध्या किमतीत मिळाला तरी घेऊ नये. शक्य असल्यास पाकीट उघडून कड डोळ्यांसमोर आडवी धरावी. ती टोकापासून टोकापर्यंत दोरीसारखी सरळ दिसली पाहिजे. बॉश, वालिओ यांसारख्या कंपन्यांची ब्लेड सर्वत्र मिळतात, पण नामांकित कंपनीचे चुकीच्या मापाचे ब्लेड हे योग्य मापाच्या साध्या ब्लेडपेक्षा वाईटच. अस्पष्ट छपाई आणि नसलेली तारीख ही नकली मालाची लक्षणे समजावीत. दोन्ही ब्लेड एकाच वेळी बदलावीत, कारण दोघांनी सारखेच ऊन सोसलेले असते.

बसवण्याची पद्धत

इंजिन बंद करून किल्ली काढून ठेवावी. काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली लपलेले असतात आणि दांडे थेट उचलले तर बॉनेटला घासतात. अशा गाड्यांत वायपर काचेच्या मध्यावर आणून थांबवण्याची सोय असते, ती पुस्तिकेत पाहून वापरावी. त्यानंतर काचेवर जाड टॉवेलची घडी पसरावी. ही पायरी कंटाळा करून वगळू नये: ब्लेड काढलेला दांडा स्प्रिंगच्या जोराने सुटून उघड्या काचेवर आदळला तर काच तडकते, आणि ब्लेडच्या बदल्यात संपूर्ण काचेचा खर्च येतो.

एका वेळी एकच बाजू घ्यावी, म्हणजे शंका आल्यास दुसऱ्या बाजूकडे पाहून खात्री करता येते. दांडा उभा करावा, ब्लेड दांड्याशी काटकोनात फिरवावे, जोडातील खिट्टी अंगठ्याने दाबावी आणि यू-हुक असल्यास ब्लेड दांड्याच्या बुडाच्या दिशेने खाली ओढावे, म्हणजे ते आकड्यातून सुटते. खिट्टी न दाबता जोर लावू नये. नवे ब्लेड आकड्यात घालून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत वर ओढावे आणि हाताने हलवून ते निसटत नाही ना, हे पाहावे. रबरावर वाहतुकीसाठी लावलेली प्लॅस्टिकची पट्टी असल्यास ती काढावी. ती तशीच ठेवून वायपर चालवणारे आणि ब्लेड खराब निघाल्याची तक्रार घेऊन येणारे ग्राहक दुकानदारांना दरवर्षी भेटतात. दांडा हाताने धरून सावकाश खाली टेकवावा.

मग काच ओली करून वायपर आधी मंद, नंतर सर्वांत जास्त गतीवर चालवावा. ब्लेड एकमेकांना, काचेच्या कडेच्या रबरी पट्टीला किंवा बॉनेटला कोठेही स्पर्श करता कामा नये. नवे ब्लेडही एका दिशेने थरथरत असेल तर रबर काचेला काटकोनात टेकत नाही, म्हणजेच दांडा पिळलेला आहे, असे समजावे. तो पिळ सरळ करण्याचे काम अनुभवी मेकॅनिककडे द्यावे. घरी पान्याने प्रयत्न करताना काच फुटण्याचा धोका असतो. दाब कमी वाटत असेल तर स्प्रिंगजवळच्या सांध्यात तेलाचा एक थेंब सोडून पाहावा, आणि फरक पडला नाही तर दांडाच बदलावा.

त्यानंतर

कोरड्या, धुळकट काचेवर वायपर चालवू नये. आधी वॉशरचे पाणी मारावे, अन्यथा धुळीतील कण काचेवर कायमच्या कमानदार रेषा ओढतात. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने रबराची कड पुसावी. गाडी धुणारे दांडे उभे करून तसेच सोडून जातात, आणि उन्हात रबर चिकटू नये म्हणून काही जण ते मुद्दाम दिवसभर उभे ठेवतात. त्यामुळे स्प्रिंग ताणलेलीच राहते, म्हणून त्यापेक्षा काचेवर आच्छादन टाकणे बरे.

वायपर बंद पडल्यावर काचेवर तंबाखू चोळून वाट काढण्याची युक्ती जुने ट्रकचालक सांगतात. त्याने थेंब पसरून थोडा वेळ दिसू लागते, पण मुसळधार पावसात तो भरवसा नको. काढलेल्या दोन ब्लेडपैकी बरे असलेले, आणि शक्यतो उजव्या बाजूचे, कागदात गुंडाळून डिकीत ठेवावे. दोन्ही बाजूंची मापे, जोडाचा प्रकार आणि बदलल्याची तारीख सर्व्हिस बुकाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या मे महिन्यात टेप शोधावी लागणार नाही.